किरमिजी झग्याआडचा खाटीक

टायविन लॅनिस्टरला ‘कर्तबगार कारभारी’ म्हणणाऱ्यांचे पीक अलीकडे फार माजले आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्या वाचून आणि ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या चार्ल्स डान्सच्या भारदस्त आवाजाला भुलून ही मंडळी सांगतात, की साऱ्या वेस्टरॉसमध्ये राज्य चालवण्याची अक्कल असलेला पुरुष हा एकच! वेड्या एरिस राजाच्या पदरी म्हणे त्याने २० वर्षे चोख प्रधानकी केली.

केली ना! आणि त्याच एरिसवर बंडाचे संकट आले तेव्हा ट्रायडंटच्या लढाईत कोण जिंकतो हे कळेपर्यंत हा महापुरुष कास्टरली रॉकच्या गढीत दबा धरून बसला. पारडे फिरले तसा १२,००० फौज घेऊन राजनिष्ठेच्या आणाभाका घेत राजधानीच्या वेशीवर आला, दरवाजे उघडवून घेतले आणि शहर लुटले. पलंगाखाली लपलेली एरिसची चिमुरडी नात ऱ्हेनिस बाहेर ओढून भोसकली गेली. तिच्या तान्ह्या भावाचे, एगॉनचे, डोके भिंतीवर आपटले. त्यांच्या आईची, एलियाची, आधी अब्रू घेतली, मग प्राण. नव्या राजापुढे मुलांची प्रेते मांडली ती लॅनिस्टरांच्या किरमिजी झग्यांत गुंडाळून. त्या रंगावर रक्त दिसत नाही ना! पुढे एलियाचा भाऊ ओबेरिन न्याय मागायला आला तेव्हा सारे खापर आपल्याच सरदारावर, अमॉरी लॉर्चवर, फोडायचे ठरले. का? तर लॉर्च मेला होता, आणि एलिया व एगॉनचा खरा मारेकरी ग्रेगर क्लिगेन अजून कामाचा होता.

हाच ग्रेगर त्याने निशाण न लावता नदीकाठच्या मुलखावर सोडला. उत्तरेच्या कॅटलिन स्टार्कने टायविनच्या मुलाला, टिरियनला, पकडले, म्हणून शेरर गाव जळाले! त्या गावच्या शेतकऱ्यांनी कुणाला पकडले होते? आणि जाळले काय, तर उभी पिके. तीही वर्षानुवर्षे चालणारा हिवाळा दाराशी आलेला असताना. याला शत्रूची रसद तोडणे म्हणतात, असे आम्हाला ऐकवले जाते. सरदारांच्या कोठारांत धान्य होतेच. उपाशी मरायचे कोणी, हे सांगायला हवे काय?

आता कॅटलिनच्या मुलाचा, रॉब स्टार्कचा, घात झाला त्या लग्नाकडे या. मीठ-भाकरी खाऊ घातलेल्या पाहुण्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही, हा त्या मुलखातला फार जुना धर्म. टायविनने चिठ्ठ्या धाडल्या. यजमान वॉल्डर फ्रे आणि रॉबचाच सरदार रूस बोल्टन यांनी रॉबला जेवणाच्या मांडवात कापले. वर टायविनचा हिशेब असा, की रणात हजारो मारण्यापेक्षा पंगतीत डझनभर मारलेले काय वाईट? आमचे विद्वान या हिशेबावर माना डोलावतात! अरे, डझनभर कुठले? बाहेरच्या तंबूंत दारू पाजून बसवलेले उत्तरेचे हजारो शिपाई त्याच रात्री जाळले-कापले गेले. त्यांची गणती कुणाच्या खात्यात मांडलीत? आणि जीव वाचवल्याची फुशारकी कुणी मारायची, ज्याने पहिली काडी ओढली त्याने? युद्ध तरी थांबले काय? फ्रे घराण्याचे लोक पुढे झाडांना लटकू लागले आणि कुणाच्या शब्दावर कुणाचा विश्वास उरला नाही.

हे सारे घराण्याच्या नावासाठी! त्या घराण्यात काय चालले होते? तेरा वर्षांच्या टिरियनने टायशा नावाच्या गरीब मुलीशी लग्न केले, तर या बापाने तिला आपल्या पहारेकऱ्यांच्या हवाली केले, माणशी एक चांदीचे नाणे देऊन, आणि मुलाला ते पाहायला लावले. वर ती वेश्याच होती, असे खोटे सांगून ते वर्षानुवर्षे खपवले. वेश्यांच्या नावाने नाक मुरडणाऱ्या या सोवळ्याच्या पलंगावर शेवटच्या रात्री एक वेश्याच सापडली, हे वाचकांना ठाऊक आहे.

त्या रात्री शौचकूपात बसला असताना पोटच्या पोरानेच त्याला बाण मारला. काहींना यात पितृहत्येचे पाप दिसते. आमची तक्रार एवढीच, की तो बाण शेररच्या एखाद्या शेतकऱ्याच्या हातून सुटला नाही.