दिवा विझला म्हणजे दोष गेला का?



चामडे नको म्हणून आपल्यातली काही कुटुंबे गाडीच्या सीटच बाहेरून बदलून घेतात. भावना योग्यच आहे. पण नंतर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला, की कारागीर म्हणतो, “काकू, काही नाही, दिवा घालवून देतो.” याला माझा ठाम विरोध आहे.

सीट म्हणजे नुसती गादी नव्हे. अनेक गाड्यांत बाजूची एअरबॅग पुढच्या सीटच्या पाठीतच असते. कोणी बसले आहे का हे ओळखणारा सेन्सरही सीटमध्येच असतो. त्यांच्या वायरी सीटखाली जोडलेल्या असतात. जोड तुटला की दिवा लागतो. तिथे रेझिस्टर लावला की दिवा विझतो, पण एअरबॅग परत येत नाही. आम्हां कॉमर्सवाल्यांच्या भाषेत, ही आकडे खोडून जुळवलेली तेरीज झाली!

म्हणून गाडी घेतानाच कापडी सीटचे मॉडेल निवडावे. सीट बदललीच असेल, तर गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घ्यावी आणि काय दुरुस्त केले ते बिलावर लिहून घ्यावे. गाडी सुरू करताना हा दिवा काही सेकंद लागून आपोआप विझायला हवा. तो लागलाच नाही, तरी शंका घ्यावी.

पाणी गाळताना आपण जो यत्नाचार पाळतो, तोच इथेही हवा. मुक्या जिवांसाठी सीट बदलली. मग त्या सीटवर बसणाऱ्या आपल्या माणसाच्या जिवाबाबत प्रमाद कशाला?