विद्यापीठाची वेबसाइट करताय? किल्ल्या त्यांच्याच हातात द्या



माटुंगा पूर्वेला एक चक्कर मारून बघा. रुईया, पोदार, खालसा, वेलिंगकर, व्हीजेटीआय, आयसीटी, सगळं पायी फिरण्याच्या अंतरात. वेबसाइट बनवणाऱ्या छोट्या एजन्सीसाठी ही भरलेली बाजारपेठच. म्हणूनच एक प्रश्न माझ्याकडे सारखा येतो: "सर, विद्यापीठाकडून चौकशी आलीय. सीएमएस कोणता सांगू? वर्डप्रेस, ड्रुपल, की आपण स्वतः बनवलेला?"

सीएमएस म्हणजे कोडला हात न लावता साइटवर मजकूर चढवायची सोय, एवढं तुम्हाला माहीत आहेच. तेव्हा माझं मत आधीच सांगून टाकतो. स्वतः बनवलेला देऊ नका. "आपला कोड असला की ग्राहक कुठे जात नाही," असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. मला तो पटत नाही. व्हीजेटीआय १८८७ सालची, आयसीटी १९३३ सालची. तुमची एजन्सी दोन वर्षांची आणि माणसं तीन. कोड लिहिणारा मुलगा उद्या पुण्याला नोकरी धरून गेला, तर प्रवेशाच्या ऐन दिवसांत त्या साइटवर नोटीस कोण चढवणार? अडकून पडलेला ग्राहक दरवर्षी पैसे देईलही, पण दुसऱ्या कॉलेजला तुमचं नाव सुचवणार नाही. आणि या धंद्यात काम येतं ते एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात, तोंडी.

मग वर्डप्रेस की ड्रुपल? वर्डप्रेस २००३ मध्ये आलं. आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात. म्हणजे तुम्ही नसलात तरी ती साइट सांभाळणारा माणूस दादरलाही मिळतो, नांदेडलाही मिळतो. माझ्या लेखी हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. ड्रुपल जास्त शिस्तीचं आहे. कोण लिहिणार, कोण तपासणार, कोण प्रसिद्ध करणार, हे नीट बांधता येतं. मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांची सोय २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून मुळातच आहे, वर्डप्रेसला त्यासाठी वेगळं प्लगइन लावावं लागतं. स्टॅनफर्ड आपल्या विभागांना ड्रुपलवर साइट देतं. पण त्यांच्याकडे स्वतःची वेब टीम आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी 'वेब टीम' म्हणजे एक प्राध्यापक, ज्यांच्या गळ्यात हे काम पडलंय, आणि एक लिपिक.

ड्रुपलची सातवी आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली आणि ५ जानेवारी २०२५ ला तिचा आधार संपला. पुढच्या आवृत्तीवर जाणं म्हणजे साधं अपडेट नव्हे, साइट जवळजवळ नव्याने बांधणं. हा खर्च ग्राहकाला पहिल्या दिवशी सांगायला हवा. म्हणून माझा कौल असा: संस्थेकडे स्वतःचा पगारी माणूस असेल तर ड्रुपल, नाहीतर वर्डप्रेस आणि तेही मोजक्या प्लगइनवर. वर्डप्रेसला बहुतेक भगदाडं प्लगइनमधूनच पडतात. (जूमला राहिलंच. हे नाव स्वाहिलीतल्या 'जुमला'वरून आलंय, अर्थ 'सगळं मिळून'. आपल्या जुन्या हिशेबाच्या वह्यांतला 'एकूण जुमला' तो हाच. सॉफ्टवेअर वाईट नाही, पण आज नवीन कामासाठी मी ते सुचवणार नाही.)

आता मुद्द्याचं. डेमो कुलगुरूंना दाखवून टाळ्या घेऊ नका. परीक्षा विभागातल्या लिपिकाला खुर्चीवर बसवा, त्यांच्याच कॉम्प्युटरवरचं एखादं मराठी परिपत्रक उघडायला सांगा आणि ते साइटवर चढवून बघा. ते जुन्या श्रीलिपीत टाइप केलेलं असेल तर पडद्यावर भलतंच काहीतरी उमटेल. मग ते म्हणणार, "राहू दे हो, स्कॅन करून पीडीएफ टाकतो." तो स्कॅन म्हणजे नुसता फोटो. त्यातला शब्द ना शोधला की सापडतो, ना दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला वाचता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर या गोष्टीकडे डोळेझाक करता येत नाही. तेव्हा जुना फाँट युनिकोडमध्ये बदलून द्यायचं काम आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण तुमच्या कोटेशनमध्ये असलंच पाहिजे. सीएमएस कोणताही असो, लिपिक कंटाळला की साइट मेली.

दुसरं, जुने पत्ते. संस्थांची नावंसुद्धा बदलतात. व्हीजेटीआय १९९७ मध्ये 'व्हिक्टोरिया ज्युबिली'ची 'वीरमाता जिजाबाई' झाली. नशिबाने आद्याक्षरं तीच राहिली. मुंबई विद्यापीठाचा विभाग असलेली यूडीसीटी मात्र पुढे आयसीटी झाली आणि २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ. अशा बदलात किंवा नव्या सीएमएसवर जाताना पानांचे पत्ते बदलले की काय होतं? नॅकच्या अहवालात पुरावा म्हणून संस्थेच्या साइटवरच्या कागदपत्रांच्या ढीगभर लिंक दिलेल्या असतात. तुम्ही सुंदर नवी साइट सुरू करता आणि त्या लिंकवर '४०४' दिसायला लागतं. अहवाल तयार करणाऱ्या मॅडम तुम्हाला त्या दिवशी काय बोलतील, ते मी इथे लिहीत नाही. जुना पत्ता नव्याकडे वळवून देणं हे वेगळं काम आहे, ते वेगळं मोजा आणि त्याचे वेगळे पैसे लावा.

डोमेनचंही तसंच. '.एसी.इन' हे नाव फक्त अर्नेट इंडियाकडून मिळतं आणि ते संस्थेच्याच नावावर, संस्थेच्याच ईमेलवर असायला हवं. होस्टिंग, अ‍ॅडमिन पासवर्ड, बॅकअप, सगळ्याची यादी करून कुलसचिवांच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. फी, प्रवेश, निकाल या सीएमएसमध्ये कोंबायच्या गोष्टी नाहीत. निकालाच्या दिवशी सगळे एकदम तुटून पडतात, तेव्हा निकाल वेगळ्या सर्व्हरवरच ठेवा.

"सगळं त्यांच्या हातात दिलं तर आम्ही कमवायचं कशावर?" वार्षिक देखभालीवर. दर महिन्याला अपडेट, बॅकअप घेणं आणि तो खरंच परत उभा राहतो का ते तपासणं, नवीन लिपिक आले की पुन्हा प्रशिक्षण. हे काम दरवर्षी लागतंच. सुरुवातीचा दर पाडून टेंडर घेणारे नेमकं हेच कोटेशनमधून गाळतात आणि सहा महिन्यांनी फोन उचलत नाहीत. या करारात कोणती कलमं घालायची, ते पुढच्या व्हिडिओत एक नमुना घेऊन ओळीने बघू.