रोग्याची संमती

रोग्यास भूल दिलेली असता डॉक्टर बाहेर येतात, एक कागद पुढे करतात आणि घरची माणसे घाबरून सही करतात. त्या सहीचे मोल काय, हे वाचकांनी जाणून घ्यावे.

१९९५ साली दिल्लीत एक ४४ वर्षांची अविवाहित स्त्री पोटाच्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी दाखल झाली. ती बेशुद्ध असता, तिच्या आईची संमती घेऊन, तिचे गर्भाशय व बीजकोश काढण्यात आले. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला: तपासणीची संमती ही अवयव काढण्याची संमती नव्हे, रोगी सज्ञान असून जिवास तात्काळ धोका नसेल, तर आईची सहीदेखील चालणार नाही. डॉक्टरांची फी गेली व २५,००० रुपये भरपाई द्यावी लागली. रक्कम अल्प, परंतु तत्त्व मोठे.

असा प्रसंग ओढवल्यास उपचाराची कागदपत्रे लेखी मागावीत. ७२ तासांत ती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. दुसऱ्या तज्ज्ञाचे लेखी मत घ्यावे. मग दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी. वकील दिलाच पाहिजे असे नाही. २०१९ च्या कायद्यान्वये आपण राहतो तेथेच ती करता येते. इंदूरच्या अन्नपूर्णा भागातील कुटुंबाने शस्त्रक्रिया दिल्लीस करविली, तरी दाद इंदुरातच मागता येईल. सर्वांवर विनामूल्य उपचार करणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध मात्र हा मार्ग नाही.

प्रत्येक फसलेला उपचार हा हलगर्जीपणा नव्हे. तथापि काय काढणार, का काढणार व न काढल्यास काय होईल, हे सहीपूर्वी विचारणे हा रोग्याचा हक्कच होय.