‘कळवतो’ म्हणाले, त्याला दहा दिवस झाले!

मैत्रिणींनो, ‘कळवतो’ हा शब्द आपल्याला काही नवा नाही. लग्नाच्या वेळीच त्याची ओळख झालेली असते. पोहे खाऊन, चहा पिऊन, ‘स्वयंपाक येतो का?’ विचारून मंडळी उठतात आणि दारात चपला घालता घालता म्हणतात, ‘कळवतो हं!’ मग आठ-पंधरा दिवस आईचं सगळं लक्ष फोनकडे. नोकरीच्या बाजारातही हाच शब्द पुन्हा भेटतो, आणि पुन्हा तसंच काळजात धस्स होतं.

माझंच सांगते. आमच्या गावातल्या एका खासगी शाळेच्या कार्यालयात पूर्णवेळ जागा निघाली. मी सध्या दुसरीकडे रोज दोन तास शिकवते. धाकटी आता पहिलीत गेली, म्हटलं बघू या. सोमवारी अकराला बोलावलं होतं. इस्त्रीची साडी नेसून, कागदांची फाईल घेऊन पावणेअकराला हजर झाले. दीड वाजता शिपायानं सांगितलं, ‘साहेब बाहेरगावी गेलेत, फोन करू.’ फोन आला पाचव्या दिवशी, तोही मी केल्यावर! दुसऱ्या खेपेला मुलाखत झाली ती दहा मिनिटांची. त्यातली सात मिनिटं ‘मिस्टर काय करतात, मुलं किती, सासूबाईंची तब्येत कशी’ यातच गेली. पगाराचं विचारलं तर म्हणाले, ‘ते बघू नंतर. कळवतो.’ त्यानंतर दहा दिवस सामसूम. आणि एके दिवशी रात्री नऊ वाजता फोन, ‘उद्यापासून या. मूळ गुणपत्रिका घेऊन या, त्या आमच्याकडे ठेवाव्या लागतील.’

घरात लगेच दोन पक्ष पडले. हे म्हणाले, ‘सोडून दे. आत्ताच ही तऱ्हा, तर पुढे काय?’ सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, गरज आपल्याला आहे. चालत्या गाडीत बसून घ्यावं.’ मला दोघांचंही पटत होतं, म्हणून रात्रभर झोप नाही!

त्या रात्री मला माझ्या एका मैत्रिणीची आठवण झाली. तिचीही सुरुवात अशीच झाली होती. दवाखान्याच्या कार्यालयातली जागा, दोनदा बोलावून परत पाठवलेलं, फोनवर धड उत्तर नाही. चिडून नाद सोडणार होती. पण जाण्याआधी तिनं डॉक्टरांना सरळ विचारलं, ‘मला नक्की केव्हा कळेल आणि पगार किती?’ तेव्हा कळलं की हिशेब बघणारा माणूसच महिनाभर आजारी होता. डॉक्टरांनी दिलगिरी व्यक्त केली आणि सगळं कागदावर लिहून दिलं. आज चार वर्षं ती तिथे आनंदानं नोकरी करते आहे.

म्हणजे बघा, नुसता गोंधळ झाला एवढ्यावरून माणसं ओळखता येत नाहीत. गोंधळ आपल्या घरीही पाहुणे आले की होतोच. गोंधळ आणि टाळाटाळ यांत मात्र फरक आहे, आणि तो विचारल्याशिवाय कळत नाही. गोंधळ झालेला माणूस विचारलं की ओशाळतो आणि उत्तर देतो. टाळणारा माणूस विचारलं की चिडतो. म्हणून रागानं नोकरी सोडू नका आणि भीतीनं धरूही नका. एकदा नीट विचारा.

आणि विचारायचं ते लेखी. साधा अर्ज करावा. त्यात चारच प्रश्न : काम नेमकं कोणतं आणि वेळ काय? पगार किती आणि कोणत्या तारखेला? सुट्ट्या आणि भविष्य निर्वाह निधीचं काय? नियुक्तिपत्र केव्हा मिळेल? शेवटी, ‘शनिवारपर्यंत कळवल्यास मला ठरवणं सोपं जाईल’ अशी एक नम्र ओळ. अर्ज स्वतः नेऊन द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. फोनवर बोलणं झालं असेल तर त्याच दिवशी ‘आपलं असं असं बोलणं झालं’ असा मेसेज तरी पाठवून ठेवावा.

यात संकोच कसला? आपल्या राज्यातल्या मान्यताप्राप्त खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ सालचा कायदा आहे, त्याखालचे १९८१ चे नियम आहेत. नेमलेल्या माणसाला ठरावीक नमुन्यात नियुक्तीचा आदेश द्यावा, असं त्या नियमांतच लिहिलेलं आहे. तेव्हा पत्र मागणं म्हणजे आगाऊपणा नव्हे.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नका. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या ताब्यात ठेवायला देऊ नका. मूळ कागद दाखवावेत, झेरॉक्स द्यावी आणि मूळ परत पिशवीत घालावेत. आणि नोकरीसाठी ‘अनामत’ किंवा ‘फॉर्मचा खर्च’ म्हणून पैसे मागितले, तर त्या दारातून तसंच मागं फिरा.

आता त्या घरगुती प्रश्नांबद्दल. ते फक्त आपल्यासारख्यांनाच विचारतात असं नाही. सी. बी. मुथम्मा या १९४९ साली परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या महिला. लग्न करायचं तर बायकांनी आधी सरकारची परवानगी घ्यावी, असा तेव्हा नियम होता. त्यांनी तो सर्वोच्च न्यायालयात नेला आणि १९७९ साली न्यायालयानं अशा नियमांवर कडक ताशेरे ओढले. पुढे १९९१ साली नीरा माथुर खटल्यात याच न्यायालयानं आयुर्विमा महामंडळाला सांगितलं, की नोकरीच्या फॉर्ममधले स्त्रियांच्या मासिक पाळीचे आणि गरोदरपणाचे प्रश्न काढून टाका. एवढ्या मोठ्या ठिकाणी ही गत! आपण भांडायला जायचं नाही, पण माहेर-सासरची हकीकतही सांगत बसायचं नाही. ‘घरची व्यवस्था मी लावली आहे, वेळेवर येईन’ एवढं एकच वाक्य पुरे. मग शांतपणे विषय कामाकडे वळवावा.

आणि हो, होकार देण्याआधी किराणा मालाच्या यादीसारखा हिशेब मांडा. मी मांडला. गावात अशा कामाला साधारण बारा हजार मिळतात. त्यातून रिक्षा अठराशे, मुलीला संध्याकाळपर्यंत सांभाळायला साडेतीन हजार, पोळ्यांच्या बाईंना दीड हजार. उरले पाच हजार दोनशे. शिकवण्याचे चार हजार मात्र सुटणार. म्हणजे दिवसभर राबून खरी भर किती, तर बाराशे रुपये! अर्थात नुसत्या बाराशेवर जाऊ नये. पुढे पगार वाढणार असेल, निधी कापला जाणार असेल, अनुभवाचा दाखला मिळणार असेल, तर पहिलं वर्ष सोसावं. पण त्यासाठीच तर ते चार प्रश्न!

माझा अर्ज मी दिला, पोच घेतली. शुक्रवारी फोन आला. ‘साहेब म्हणतात, आधी रुजू व्हा, कागदाचं नंतर बघू. आणि बाई, एवढे प्रश्न कशाला विचारता?’ मी म्हटलं, ‘मग मला जमणार नाही. आभारी आहे.’ फोन ठेवला आणि खोटं कशाला सांगू, संध्याकाळी भाजी निवडताना डोळे भरून आले. पूर्णवेळ नोकरीची फार आस होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातली मेथी घेतली आणि स्वतः निवडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी वर्गावर गेले. अर्जाची ती प्रत कपाटात जपून ठेवली आहे. पुढच्या मुलाखतीला नावगाव बदललं की झालं, प्रश्न तेच.

तुमच्यापैकी कुणी अशा ‘कळवतो’च्या फेऱ्यात अडकल्या असाल तर जरूर लिहा. मी उत्तर नक्की देईन, नुसतं ‘कळवते’ म्हणून गप्प बसणार नाही!