मागची गाडी किती मिनिटांत?

सकाळी मुंबईजवळच्या कळवा कारशेडमधून लोकल निघते ती ठाण्याहून सुटण्यासाठी. कळव्याची माणसं रुळांच्या कडेने चालत तिथपर्यंत जातात. खडीवरून डब्याचा उंबरा छातीला लागतो, तरी दांडा धरून वर चढतात. याला सर्रास बेशिस्त म्हणतात. मला ते मान्य नाही.

गाडी ठाण्याला अर्धी भरून येते, म्हणून तिथे जागा मिळत नाही. जागा मिळत नाही म्हणून आणखी कुणीतरी मागे कारशेडपर्यंत जाऊन बसून येतं आणि जागा आणखी घटतात. कंट्रोल थिअरीच्या भाषेत हा स्वतःलाच वाढवत नेणारा फीडबॅक. उशिराचंही तसंच. रखडलेल्या गाडीची वाट पाहत फलाटावर जास्त माणसं साठतात, चढ-उतार लांबते, पुढच्या स्टेशनात ती आणखी उशिरा पोचते. मागची गाडी मात्र मोकळी, तिच्या पाठीला येऊन लागते. नेवेल आणि पॉट्स या संशोधकांनी १९६४ साली बसच्या बाबतीत हे गणिताने मांडलं. मागची गाडी मोकळी आहे हे फलाटावरच्या माणसाला कुणी सांगत नाही, मग तो समोरची कशी सोडणार? दारात लटकून का होईना, तीच पकडतो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दारातली माणसं पडली, जीव गेले. तेव्हाही चर्चा रंगली ती लटकणाऱ्यांच्या शिस्तीची.

उलट दिशेने, रेल्वेपर्यंत प्रवाशाचं म्हणणं कसं पोचतं, ते ऑगस्ट २०२२ मध्ये दिसलं. साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आली, कळव्यात लोकांनी कारशेडमधून येणारी गाडी अडवली, बदलापुरातही उद्रेक झाला. आठवडाभरात नव्या दहा एसी फेऱ्या रद्द. लोकांचा राग रास्त होता. पण लोक रुळांवर उतरेपर्यंत यंत्रणेला काहीच कळत नसेल, तर ती एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकालाच जाणार. फेऱ्या गेल्या, कोणत्या वेळेला कोणती गाडी हवी, हा प्रश्न तिथेच राहिला.

कारशेडची गाडी कळव्याच्या फलाटावर थांबवा. त्याने जागा वाढणार नाहीत, पण खडीवरून चढणं थांबेल. आणि इंडिकेटरवर पुढच्या तीन गाड्या खऱ्या मिनिटांसह दाखवा, कोणती किती भरली आहे तेही. मागची तीन मिनिटांत येते आणि तीत उभं राहायला मिळेल, एवढी खात्री पटली तर दारातला एखादा तरी हात सुटेल आणि माणूस फलाटावर थांबेल. त्यासाठी नवा रूळ टाकावा लागत नाही.