टोस्ट कुणाच्या नावाने?

बॉस, २६ जानेवारीची सुट्टी दरवर्षी येते आणि २५च्या रात्री आपण दरवर्षी तेच करतो. तोच पब, तेच स्टार्टर्स, तोच ग्रुप फोटो. यंदा काही हटके करायचं असेल तर एक आयडिया आहे. स्कॉटलंडमध्ये २५ जानेवारीला ‘बर्न्स नाईट’ असते. कवी रॉबर्ट बर्न्स याचा वाढदिवस, जन्म १७५९. शेतकऱ्याचा मुलगा, स्वतः नांगर धरलेला, आपल्या मातीतल्या बोलीत लिहिणारा. बहिणाबाई आठवल्या ना? १७९६ मध्ये, अवघ्या ३७व्या वर्षी तो गेला. १८०१ मध्ये नऊ जण त्याच्या जन्मघरी जेवायला जमले, आणि तीच पंगत आज जगभर बसते. गंमत म्हणजे ज्याच्या नावाने एवढी व्हिस्की रिचवली जाते, तो स्वतः अबकारी खात्यात होता. दारूवरचा कर गोळा करायचा!

आम्ही ही पंगत मागच्या वर्षी मांडली ती थेट सुरगाण्यात. ग्रुपमधला एक मित्र मूळचा तिथला, कोकणा आदिवासी घरातला. दोन वर्षं एडिंबराला ऑनसाइट राहून आला आणि येताना बर्न्सचं वेड घेऊन आला. नाशिकहून सकाळी निघालो, सात जण, दोन गाड्या.

आधी मेन्यू. मुख्य डिश हॅगिस. मेंढीचं काळीज, हृदय, फुप्फुस बारीक करून त्यात ओट्स, कांदा, चरबी घालून ते मेंढीच्या पोटाच्या पिशवीत शिजवतात. नाक मुरडू नका, वजडी आपल्याकडेही आवडीने खातात. ओट्सऐवजी आम्ही भाजलेल्या नागलीची भरड घातली आणि पिशवीऐवजी साधं पातेलं वापरलं. व्हेज मंडळींनी घाबरायचं कारण नाही. एडिंबराच्या मॅकस्वीन कंपनीने १९८४ मध्येच व्हेज हॅगिस काढलंय, त्याच धर्तीवर राजमा, मसूर आणि गाजराचं करता येतं. सोबत कुस्करलेला बटाटा. स्वीट डिश म्हणजे ‘क्रॅनाकन’: क्रीम, मध, भाजलेले ओट्स, रास्पबेरी आणि चमचाभर व्हिस्की. रास्पबेरी कुठून आणणार? पण जानेवारीत बोरगाव-सापुतारा रस्त्यावर ताजी स्ट्रॉबेरी मिळते. काम फत्ते.

तिकडे हॅगिस टेबलावर येतं ते बॅगपाइपच्या सुरात. सुरगाण्यात पावरी आहे, पण ती बॅकग्राउंड म्युझिक नाही. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात तिच्या तालावर रात्रभर नाच चालतो. त्यामुळे वाजवणाऱ्याला आधी विचारा, मान द्या, मानधन द्या. आणि तो नाही म्हणाला तर टाळ्यांवर भागवा.

आता खरा मुद्दा, टोस्ट. इथेच बहुतेकांची पार्टी फसते, कारण नेटवरून भाषण उतरवलं की झालं असं वाटतं. टोस्ट म्हणजे ग्लास उचलून एखाद्याचं नाव घेणं. म्हणून आधी बघायचं, खोलीत कोण आहे.

जेवणाआधी असते अन्नाबद्दलची छोटी प्रार्थना. आम्ही कणसरीचं नाव घेतलं. कोकणा आणि वारली लोकांची ही धान्यदेवता. ताटात नागली असताना दुसरं कुणाचं नाव घेणार?

मग ‘अमर स्मृती’, म्हणजे बर्न्सवरचं भाषण. पाच मिनिटं पुरे, आणि नुसती आरती नको. हा माणूस १७८६ मध्ये जमैकाला गुलामांच्या मळ्यावर नोकरीसाठी निघाला होता. पहिलं पुस्तक गाजलं म्हणून राहिला. बायकांशी त्याची वागणूक कशी होती यावरही वाद आहेत. २०१८ मध्ये स्कॉटिश कवयित्री लिझ लॉकहेड यांना त्याचं एक पत्र वाचून हार्वी वाइनस्टीन आठवला. हेही बोला. मोठ्या माणसाची आठवण पूर्ण असावी. आमच्याकडे भाषण संपल्यावर मित्राच्या बाबांनी ग्लास तोंडाला लावण्याआधी दोन थेंब जमिनीवर सांडले. पूर्वजांच्या नावाने. पाच मिनिटांत आम्ही जे बोललो, ते त्यांनी न बोलता केलं.

तिसरा टोस्ट ‘मुलींसाठी’. पुरुषाने बायकांबद्दल हलकंफुलकं बोलायचं आणि मग एखाद्या बाईने उत्तर द्यायचं. सगळ्यात घातकी टोस्ट हाच! ऑफिसच्या पार्टीतले बायकोवरचे शिळे जोक्स इथे हमखास बाहेर येतात. १८०१च्या त्या पंगतीत नऊच्या नऊ पुरुष होते, त्यामुळे समोर उत्तर द्यायला कुणी नव्हतंच. सुरगाण्यातही एक मित्र मोबाइलवरची यादी वाचायला उभा राहिला. तेवढ्यात आमच्यातल्या एकीने विचारलं, “काकू कुठायत?”

काकू चुलीपाशी होत्या. सकाळपासून. ज्यांच्या नावाने ग्लास उचलायचा त्याच भिंतीपलीकडे! आम्ही त्यांना आणून मध्यभागी बसवलं, पहिलं ताट त्यांना वाढलं. मित्राने मोबाइल खिशात टाकला आणि त्यांनी केलेल्या एकेका पदार्थाचं नाव घेऊन आभार मानले. उत्तर द्यायची पाळी आली तेव्हा काकू लाजल्या. मग एवढंच म्हणाल्या की घरी पाहुणे असताना आपण गरम जेवलो असं आज पहिल्यांदाच झालं. टाळ्या वाजवायच्या की गप्प बसायचं, कुणाला कळेना. मित्र मात्र उठला आणि भाकऱ्या थापायला गेला. जमल्या नाहीत, ती गोष्ट वेगळी.

तर प्लॅन करणाऱ्यांसाठी टिप्स. टोस्ट चारपेक्षा जास्त नकोत. उत्तर देणारी व्यक्ती आधी ठरवा, आणि ती खोलीत बसलेली असू द्या. न पिणाऱ्यांनी कोकम सरबत उचललं तरी टोस्ट तेवढाच खरा. २६ला ड्राय डे, त्यामुळे खरेदी आदल्या दिवशीच उरका. सकाळी सापुताऱ्याला जाणार असाल तर उरलेली बाटली गाडीत ठेवू नका, हद्द ओलांडली की गुजरातची दारूबंदी सुरू. आणि भांडी घासायचा टोस्ट कुणाच्या नावाने, हे २५च्या रात्रीच ठरवून टाका.