आक्षेप नव्याला नको, उशिराला हवा

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधान पुण्यात यायचे होते. पावसाने सभेच्या मैदानाचा चिखल केला, दौरा रद्द झाला आणि हवामानाचा अंदाज वर्तवण्यासाठी आणलेल्या ‘अर्का’ महासंगणकाचे लोकार्पण दूरदृश्य प्रणालीवरून उरकावे लागले. विनोद आयताच मिळाला होता, तो कोणी सोडला नाही. विनोदाला उत्तर द्यायचे नसते. त्याच्यामागून येणाऱ्या आक्षेपांना मात्र द्यावे लागते, कारण ते आकडे घेऊन येतात.

पहिला आकडा वेगाचा. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जानेवारी २०१८ पासून ‘प्रत्युष’ चालत होता. त्याचा प्रोसेसर इंटेलचा झिऑन ई५-२६९५ व्ही४, मूळ वेग २.१ गिगाहर्ट्झ. अर्कात एएमडीचा एपिक ७६४३ आहे, मूळ वेग २.३ गिगाहर्ट्झ. पूर्वपक्ष म्हणतो, साडेसहा वर्षांनी पदरात पडले ०.२, आणि पुण्याचा अर्का व नोएडाचा अरुणिका मिळून खर्च ८५० कोटी. जुनेच यंत्र चालवले असते तर काय बिघडले असते?

यातली आकडेवारी खरी आहे. उलट मी पूर्वपक्षाला आणखी दोन मुद्दे बहाल करतो. दोन्ही प्रोसेसरांचा एकेक कोअर दर ठोक्याला जास्तीत जास्त १६ दशांश गणिते करतो. म्हणजे कोअरमागे जुन्याची क्षमता सेकंदाला ३३.६ अब्ज, नव्याची ३६.८ अब्ज. फरक एक दशांशही नाही. दुसरा मुद्दा जास्त बोचरा आहे. हवामानाचे गणित नुसत्या आकडेमोडीवर अडत नाही, मेमरीतून आकडे किती भराभर येतात त्यावर अडते. कारखान्यात मिल कितीही मोठी बसवा, गव्हाणीत ऊस पडला नाही तर रोलर नुसतेच फिरतात. जुन्या झिऑनला मेमरीच्या चार वाहिन्या होत्या, त्यांतून सेकंदाला ७६.८ गिगाबाइट येत. नव्या एपिकला आठ आहेत, त्यांतून २०४.८ येतात. आता भागाकार करा. जुन्यात कोअर १८, नव्यात ४८. दोन्हीकडे कोअरमागे ४.२७ गिगाबाइट, दुसऱ्या दशांशापर्यंत सारखेच!

मग नव्याने दिले काय? एक तर, एका प्रोसेसरमध्ये अठराऐवजी अठ्ठेचाळीस कोअर बसले आणि वीज त्या प्रमाणात वाढली नाही. कंपनीने ठरवलेली मर्यादा जुन्याला १२० वॉट, नव्याला २२५. कोअरमागे पावणेसातवरून पावणेपाचवर. चोवीस तास, बारा महिने चालणाऱ्या आणि थंड ठेवण्यासाठी वेगळी वीज खाणाऱ्या यंत्रात ही बचत किरकोळ नसते. शिवाय प्रोसेसरच्या पोटातली कॅश मेमरी कोअरमागे अडीच मेगाबाइटवरून पाचच्या वर गेली, त्यामुळे बाहेरच्या मेमरीकडे हात पसरण्याची वेळ कमी येते. सगळे मिळून प्रत्युषची क्षमता ४ पेटाफ्लॉप, अर्काची ११.७७. जवळजवळ तिप्पट. गिगाहर्ट्झवर बोट ठेवणाऱ्याला ही तिप्पट दिसत नाही, कारण ती तिथे नाहीच.

तिप्पट कशाला हवी, हे विचारणाऱ्याने एकदा अहिल्यानगर जिल्ह्याचा नकाशा पाहावा. १७,०४८ चौरस किलोमीटरचा, राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाई, रतनवाडी, घाटघर. तिथला पाऊस मोजताना मिलिमीटरचे आकडे चार अंकी होतात. त्याच जिल्ह्यात पूर्वेला पाथर्डी, जामखेड, दक्षिणेला श्रीगोंदा, कर्जत, जिथे एक सरसुद्धा लोकांच्या लक्षात राहते. रतनवाडी ते अकोले गाव सरळ रेषेत तीसेक किलोमीटर, आणि तेवढ्यात पाऊस ढासळतो. अंदाजाच्या गणितासाठी नकाशावर चौकटींची जाळी आखतात; पूर्वीच्या १२ किलोमीटरच्या जाळीत ही घसरण अडीच चौकटींत कोंबावी लागे. एका चौकटीत डोंगराचा माथा आणि पायथा यांची सरासरी होई. सरासरीत ना माथ्याचा पाऊस राही, ना पायथ्याची उघडीप. ६ किलोमीटरच्या जाळीत तिथे पाच चौकटी बसतात. पूर्ण जिल्ह्याचा हिशेब केला तर सुमारे ११८ चौकटींच्या जागी ४७४. २६ मे २०२५ रोजी सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ याच जाळीवर अर्कात चालते. पूर्वी प्रत्युषला दहा-दहा तास लागत, आता चारात होते, असे तिथल्या शास्त्रज्ञांनी सांगितले आहे.

इथे चाणाक्ष पूर्वपक्षी पुन्हा उठतो. जाळी निम्मी केली की चौकटी चौपट होतात आणि कालाचा टप्पाही निम्मा करावा लागतो, म्हणजे काम आठपट. यंत्र तिप्पट. वेळ वाढायला हवा होता, कमी कसा झाला? प्रश्न चोख आहे. ही किमया एकट्या प्रोसेसरची नाही. जगभर आखायच्या जाळीची रचनाच बदलली, गणिताची पद्धत बदलली; पाषाणच्या शास्त्रज्ञांचे ते कष्ट आहेत. पण त्यावरून यंत्र अनावश्यक ठरत नाही. चांगल्या गणितालाही चालायला जागा लागते. पहाटे हवा असलेला अंदाज दुपारी निघाला तर त्याला अंदाज म्हणत नाहीत.

आणखी एक आक्षेप फार ऐकू येतो: एवढे करून आमच्या शिवारातला वळीव कुठे कळला? नाही कळला, आणि ६ किलोमीटरच्या जाळीत तो नेमका कळणारही नाही, कारण वळवाचा ढग काही किलोमीटरचा असतो आणि तासाभरात संपतो. त्यासाठी रडार हवे, दाट पर्जन्यमापक हवेत, आणि समजावून सांगणारा माणूस हवा. ज्या वर्षी अर्का आला त्याच वर्षी मार्चमध्ये देशातली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे गुंडाळली गेली. त्यावर रागवा, मीही रागावतो. पण तो राग एपिकवर काढण्यात अर्थ नाही.

आता माझे म्हणणे. अर्काचा प्रोसेसर अनावश्यक नवा होता, हा आरोपच उलटा आहे. तो पुरेसा नवा नव्हता. एपिकची ही पिढी मार्च २०२१ मध्ये बाजारात आली. लोकार्पण झाले साडेतीन वर्षांनी. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२२ मध्ये, पुढची पिढी आली होती: मेमरीच्या बारा वाहिन्या, सेकंदाला ४६०.८ गिगाबाइट. त्या पिढीचा ४८ कोअरचा प्रोसेसर घेतला असता तर कोअरमागे ९.६ गिगाबाइट मिळाले असते. वर ज्या ४.२७ ची बरोबरी मी पूर्वपक्षाला बहाल केली, ती तिथेच मोडली असती. आणि लोकार्पणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी त्याच्याही पुढची पिढी जाहीर झाली. प्रत्युषची कथा वेगळी नव्हती. त्याचा झिऑन २०१६ चा, आणि २०१७ च्या जुलैत इंटेलने सहा वाहिन्यांची पिढी आणली होती. निविदा, मंजुरी, आयात, उभारणी यांना वेळ लागतो हे मान्य. पण दर वेळी यंत्राचे अर्धे तारुण्य कागदांत जावे, हे मान्य नाही.

नव्याची भलामण मी सरसकट करत नाही, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर उद्या कोणी विक्रेता हा लेख घेऊन एखाद्या पतसंस्थेच्या दारात उभा राहील. ठेवी, कर्जे आणि आवर्त ठेवींचा हिशेब ठेवायला ४८ कोअर लागत नाहीत. तिथे प्रत्युषच्या पिढीचा झिऑनही पुष्कळ झाला. पाहायचे ते इतकेच, की त्यावर चालणाऱ्या प्रणालीला सुरक्षेची अद्ययावत दुरुस्ती अजून मिळते का. मे २०२५ मध्ये आलेली रेड हॅट लिनक्सची दहावी आवृत्ती २०१२ च्या झिऑन ई५-२६७० वर चालत नाही, कारण तिला लागणाऱ्या आज्ञा त्या प्रोसेसरला ठाऊकच नाहीत. २०१६ च्या व्ही४ ला त्या ठाऊक आहेत. म्हणून बारा साली घेतलेला सर्व्हर बदला, सोळा सालचा तूर्त राहू द्या, वाचलेला पैसा बॅकअपवर खर्च करा.

पाषाणच्या पुढच्या यंत्रासाठी मात्र मागणी वेगळी हवी. निविदेत प्रोसेसरचे नाव आणि कोअरची संख्या आधीच गोठवू नये. तीन किलोमीटरच्या जाळीवरचा दहा दिवसांचा अंदाज किती तासांत निघाला पाहिजे ते लिहावे, आणि यंत्र बसेल त्या दिवशी बाजारात जी पिढी असेल ती देण्याची अट पुरवठादारावर घालावी. आपल्या खासदारांना प्रश्न विचारायचाच असेल, तर हा विचारा.